रॅम आधी बदलावी की हार्ड डिस्क? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरातला संगणक मंदावला आहे, नवा घेण्याइतकी रक्कम लगेच काढणे शक्य नाही, आणि रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) किंवा हार्ड डिस्क (फायली कायम साठवणारी फिरती तबकडी) घरच्या घरी बदलता येईल का, असे वाचकांनी विचारले आहे. बहुतेक वेळा ते येते, आणि चालते यंत्र केवळ संथ झाले म्हणून टाकून देऊ नये असे मला मनापासून वाटते. पत्रे संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त नागपुरातल्या वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर) : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप आहे : पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत दहा मिनिटे जातात. बर्डीवरील एका दुकानदाराने रॅम वाढवायला सांगितली, दुसऱ्याने ‘नवाच घ्या’ म्हटले. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही ऐकण्याआधी आपण स्वतः एकदा पाहावे, कारण यंत्र कुठे अडते आहे हे ते स्वतःच दाखवते. लॅपटॉप सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘मेमरी’ आणि ‘डिस्क’ अशा दोन रकान्यांवर टक्के दिसतात. नेहमीची कामे, म्हणजे एक ब्राउझर आणि एखादे पत्र, उघडून पाच मिनिटे त्या आकड्यांकडे पाहावे. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली आणि मेमरी साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिली, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली, तर रॅमही अपुरी आहे. आपल्या वर्णनावरून दोन्ही असणार, परंतु आधी डिस्क बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. त्या काळच्या लॅपटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात; हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि त्याआधी ते हेड योग्य वर्तुळावर सरकावे लागते, ज्याला याहूनही जास्त वेळ जातो. हा सगळा हिशेब केला तर अशी डिस्क एका सेकंदात वेगवेगळ्या जागांवरच्या जेमतेम साठ-सत्तर नोंदी वाचू शकते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, आणि आपली दहा मिनिटे तिथे जातात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या जातीच्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्यामुळे तीच वाचने ती सेकंदाला हजारोंनी करते. सलग मोठी फाईल वाचण्याचा वेगही साटा या डिस्कच्या नेहमीच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो, जुन्या डिस्कचा शंभरच्या आसपास असतो. पण रोजच्या वापरात जाणवतो तो फरक लहान वाचनांचा आहे.

रॅम कमी असली की विंडोज तिच्यातला न लागणारा मजकूर डिस्कवर हलवते आणि लागला की परत आणते. डिस्क संथ असेल तर ही ने-आण जीव नकोसा करते. एसएसडी लावल्यावर तीच ने-आण बरीच सुसह्य होते. म्हणून एकाच वस्तूचे पैसे असतील तर ते एसएसडीवर घालावेत, आणि जमेल तेव्हा रॅम ८ जीबी करावी.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे रॅमची जात. आपल्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर-३ एल ही १.३५ व्होल्टची रॅम लागते, साधी १.५ व्होल्टची डीडीआर-३ पट्टी त्याच खाचेत बसते, परंतु तिच्यावर यंत्र बहुधा चालू होत नाही. ‘बसते म्हणजे चालते’ असे दुकानात कोणी म्हटले तर पट्टीवरच्या लेबलात ‘एल’ अक्षर किंवा १.३५ व्होल्ट लिहिलेले आहे का, हे तिथेच पाहावे. दुसरी गोष्ट जाडीची. अडीच इंची एसएसडी बहुधा ७ मिलिमीटर जाड असते, तर जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरचीही असू शकते. तसे असल्यास प्लास्टिकची पातळ चौकट मागून घ्यावी, नाहीतर एसएसडी आत सैल राहते.

आता ‘नवाच घ्या’ या सल्ल्याबद्दल. त्यात तथ्याचा एक भाग आहे आणि तो आपल्यापासून लपवणे बरोबर नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, रॅम-डिस्क बदलून ही अट पूर्ण होत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा सुधारणा ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. त्यानंतर याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकता येईल. पत्रव्यवहार, बँकेचे संकेतस्थळ, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे आणि देवनागरी टंकलेखन यांपैकी कशालाही त्यात अडत नाही. त्याच एसएसडीवर आणि त्याच ८ जीबी रॅमवर ती व्यवस्थित चालते, म्हणून हा खर्च वाया जाणार नाही.

प्रश्न (महाल) : माझे लग्नपत्रिका आणि स्मरणिका तयार करण्याचे छोटे काम आहे. डेस्कटॉपवर पंधरा वर्षांचे जुने मराठी फाँट, त्यांचे सॉफ्टवेअर आणि शेकडो पत्रिकांचे नमुने आहेत. एसएसडी लावायची आहे, पण विंडोज नव्याने टाकले तर फाँट परत मिळणार नाहीत अशी भीती वाटते.

उत्तर : आपली भीती खरी आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत मजकूर इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर साठवलेला असतो. तो फाँट संगणकावर नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी अर्थहीन चिन्हांची ओळ दिसते. मूळ सीडी हरवलेली, कंपनीकडील नोंदणी जुनी, अशा स्थितीत विंडोज नव्याने टाकणे म्हणजे पंधरा वर्षांचे काम कुलूप लावून किल्ली फेकून देण्यासारखे आहे. आपण क्लोनच करावा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवावी. सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवर, चालत असेल तर तो तसाच लावून ठेवला की पुरे. परंतु काही जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो, म्हणून एसएसडीवरून सर्व कामे करून पाहीपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.

क्लोन करण्याआधी पत्रिकांचे सर्व नमुने आणि विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर वेगळी काढावी. ही पायरी कोणीही वगळू नये, आणि मी ती इतक्या आग्रहाने का सांगतो तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाचा संगणक क्लोन करताना स्रोत आणि लक्ष्य या दोन डिस्क माझ्या हातून उलट निवडल्या गेल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही ५०० जीबीच्या, पडद्यावर दोन्हींची नावे जवळजवळ सारखी. कोऱ्या डिस्कची हुबेहूब कोरी प्रत भरलेल्या डिस्कवर उतरली. त्यांच्या मुलीच्या बारशापासूनची छायाचित्रे त्यात होती. त्यांतली थोडी फोनमधून परत मिळाली, बाकीची मिळाली नाहीत. तेव्हापासून मी क्लोनपूर्वी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक कागदावर उतरवतो आणि पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहिल्याशिवाय पुढचे बटण दाबत नाही. आपणही तसेच करावे.

जुनी डिस्क आजारी आहे का हे क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने पाहता येते. त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ या रकान्यात शून्याहून वेगळा आकडा दिसला, तर डिस्कचा काही भाग निकामी होत आहे असे समजावे आणि क्लोनचा प्रयत्न करण्याआधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढाव्यात. आजारी डिस्कवर तासभर सलग वाचनाचा ताण आधी टाकू नये. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्कला लावायचे कुलूप चालू असल्यास तो तात्पुरता थांबवावा आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

एक अडचण अनेकांना ऐन वेळी कळते. क्लोनझिला हे मोफत साधन सर्वसाधारण पद्धतीने वापरले तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. आपली जुनी डिस्क ५०० जीबीची असेल आणि आपण ४८० जीबीची एसएसडी आणली, तर जुन्या डिस्कवर केवळ शंभर जीबी भरलेले असले तरी ते काम पुढे सरकत नाही. थोडे पैसे जास्त घालून ५०० जीबी किंवा १ टीबीची घेणे सोपे पडते.

डेस्कटॉपमध्ये एसएसडीला दोन तारा लागतात : मदरबोर्डकडून येणारी माहितीची अरुंद तार आणि पॉवर सप्लायकडून येणारी विजेची रुंद तार. दोन्हींच्या तोंडात इंग्रजी एल अक्षरासारखा कोन असतो, त्यामुळे त्या उलट बसत नाहीत. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकली आहे. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कच्या दोन्ही तारा काढून ठेवाव्यात. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू झाला हे कळत नाही, आणि लोक आठवडाभर जुन्याच डिस्कवर काम करत राहतात.

प्रश्न (हिंगणा मार्ग) : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम बोर्डावरच पक्की आहे आणि एक खाच रिकामी आहे. मित्राकडे डीडीआर-४ची २६६६ वेगाची ८ जीबी पट्टी आहे, माझी ३२०० वेगाची आहे. ती चालेल का? आणि एम.२ खाचेत कोणतीही एसएसडी बसते का?

उत्तर : सहसा चालते, मात्र दोन्ही २६६६ वरच धावतील, कारण वेग नेहमी संथ पट्टीचा धरला जातो. तरीही घ्यावी. दोन्हीकडे ८-८ जीबी झाल्यामुळे ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण, सुरू होतो, आणि वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा फायदा वेगातल्या घटीपेक्षा जास्त होतो. पट्टी बसवल्यावर शोधपेटीत ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ लिहून चाचणी करून घ्यावी. चाचणीत चूक निघाली तर पट्टी मित्राला परत करावी. प्रकल्पाच्या फायली सदोष रॅमवर लिहिल्या तर त्या नकळत बिघडतात.

एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्या एकाच आकारात साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई अशा दोन वेगळ्या जातींच्या एसएसडी मिळतात, आणि काही खाचा दोन्ही घेतात तर काही एकच. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असते. अंदाजाने खरेदी करू नये.

प्रश्न (नंदनवन) : ५०० जीबीची एसएसडी लावली, विंडोज ४६५ जीबीच दाखवते. दुकानदाराने फसवले का?

उत्तर : नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि नाव मात्र जीबीच लिहिते. म्हणून ५०० चे ४६५, २५६ चे २३८ आणि १ टीबीचे ९३१ दिसतात. खरी फसवणूक वेगळी असते : अविश्वसनीय स्वस्त दरात मिळणारी मोठी ‘पोर्टेबल’ एसएसडी आकडा बरोबर दाखवते, पण थोडी भरली की पुढच्या फायली गिळते. अशी वस्तू घेतली असल्यास एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत साधनाने ती पूर्ण भरून, परत वाचून पाहावी, आणि खरेदीचे पक्के बिल जपून ठेवावे.

प्रश्न (धरमपेठ) : डेस्कटॉपमध्ये मुलाने नवी रॅम लावली. आता पडदा काळाच राहतो आणि बीप ऐकू येतात. संगणक खिडकीतल्या कूलरसमोर असतो, त्याचा काही संबंध आहे का? जुनी पट्टी खोडरबराने घासावी, असे शेजारी सांगतात.

उत्तर : कूलरचा संबंध असू शकतो, आणि आपल्या शहरात तो फार वेळा असतो. एप्रिल-मेमध्ये आपण कूलरच्या झोतासमोर बसतो आणि टेबल तिथेच असल्यामुळे संगणकही त्याच झोतात येतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते, तिच्यासोबत बारीक धूळही येते, आणि ओली धूळ रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर व खाचेत थर धरते. संगणक झोतापासून बाजूला हलवणे, हा या पत्राच्या उत्तरातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बीपचे पहिले कारण मात्र बहुधा साधे असते : पट्टी पूर्ण बसलेली नसते. संगणक बंद करताना शिफ्ट दाबून धरावे म्हणजे तो खरोखर पूर्ण बंद होतो; मग भिंतीवरची पिन काढावी आणि चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. लॅपटॉपमध्ये बॅटरीची जोडणीही सोडवावी लागते. खाचेच्या टोकाची पांढरी कळ बाहेर दाबून पट्टी काढावी आणि तिच्या कडेवरचा काप पाहावा. हा काप मधोमध नसतो, किंचित एका बाजूला असतो, म्हणून पट्टी एकाच दिशेने बसते. डीडीआर-३, ४ आणि ५ यांचे काप वेगवेगळ्या जागी असल्यामुळे एकीची खाच दुसरी घेतच नाही. काप जुळवून, दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबावे. कळ आपोआप वर येऊन ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत थांबू नये. नवखे लोक बोर्ड मोडेल या धास्तीने इथेच हात आखडता घेतात आणि पट्टी एका बाजूने मिलिमीटरभर वर राहते.

तरीही पडदा काळाच राहिला तर एकच पट्टी, आधी जुनी आणि मग नवी, वेगवेगळ्या खाचेत लावून पाहावी. त्यावरून दोष पट्टीचा की खाचेचा हे ठरते. खोडरबर वापरणाऱ्यांचे काम त्याने बरेचदा होते हे मी पाहिले आहे, पण त्याचा चुरा खाचेत पडला तर नवे दुखणे सुरू होते. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच पट्टी लावावी. खाच मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी.

हे काम करताना हाताला सोनेरी पट्ट्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. थंडीत स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात, आणि उन्हाळ्यात कूलर बंद असलेल्या खोलीतली कोरडी हवाही तशीच असते. तेवढी स्थिर वीज चिपला पुरेशी आहे. गालिच्यावर बसून किंवा नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नये, आणि पट्टी हातात घेण्याआधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या उघड्या धातूला, जसे पाण्याच्या लोखंडी नळाला, हात लावावा.

प्रश्न (मानेवाडा) : एसएसडी लावल्यानंतर जुन्या हार्ड डिस्कचे काय करावे? भंगारवाला शंभर रुपये देतो आहे.

उत्तर : शंभर रुपयांसाठी ती कदापि देऊ नये. त्यात आपल्या आधार कार्डाची प्रत, बँकेची विवरणपत्रे आणि साठवलेले पासवर्ड असतात, आणि ‘डिलीट’ केलेल्या फायली सहज परत काढता येतात. डिस्क चांगली असेल तर तिला यूएसबीचे घर, म्हणजे एन्क्लोजर, घेऊन तीच जादा प्रतीसाठी वापरावी. या कामी ती एसएसडीपेक्षा बरी, कारण एसएसडी दीर्घकाळ विजेविना पडून राहिली तर तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते. द्यायचीच असेल तर फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढावी, तेव्हाच विंडोज प्रत्येक जागेवर शून्ये लिहिते आणि ५०० जीबीला काही तास लागतात. डिस्कवर एकापेक्षा जास्त विभाग असतील तर प्रत्येकाचे असेच फॉरमॅट करावे. बंद पडलेली डिस्क भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्यासाठी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची व्यवस्था आहे.

आणि ठेवणार असाल तर डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर प्रत कोणत्या तारखेची आहे आणि तिच्यात काय आहे हे लिहावे, ती बुरशी न धरणाऱ्या कोरड्या खणात ठेवावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी जोडून एखादी फाईल उघडून पाहावी.